न लागलेला ठसका

माझ्या मुलीची दृष्ट काढली त्या संध्याकाळी कुणालाच ठसका लागला नाही, याला कारण मिरच्या होत्या. शेजारच्या वहिनींची नजर नव्हे. एवढी दोन वाक्यं लिहायला मला चाळीस वर्षांहून जास्त काळ लागला. नोकरीत माझं काम अहवाल लिहिण्याचं होतं आणि माझा अहवाल कधी उशिरा गेला नाही, त्यामुळे या उशिराची लाज जरा जास्तच वाटते. मुलीने मध्यंतरी एका भाषणात ही हकिगत सांगितली. लोक हसले आणि चहाला गेले. भाषणाचं तेवढंच आयुष्य असतं, म्हणून लिहून ठेवतो.

हल्लीच्या वाचकांना दृष्ट हा प्रकार ऐकूनच माहीत असेल. मूल अचानक रडू लागलं, दूध घेईना, की त्याला मांडीवर घेऊन पूर्वेकडे तोंड करून बसायचं. घरातल्या मोठ्या बाईने मुठीत मीठ, मोहरी आणि सुक्या लाल मिरच्या घ्यायच्या, मुलावरून ओवाळायच्या आणि सगळं शेगडीतल्या निखाऱ्यांवर टाकायचं. मिरची जळते, धूर नाकातोंडात जातो, सगळे खोकतात. खोकले तर ठीक, नजर वगैरे काही नव्हती. पण मिरच्या जळूनही कुणाला ठसका लागला नाही, तर दृष्ट जबरदस्त होती असं समजायचं. झालं नाही त्यावरून काय झालं ते ओळखायचं, असं हे शास्त्र. मी खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तपासणीच्या कामाला होतो, त्यामुळे तेव्हाही ते मला पटत नसे. पण घरात माझं मत विचारायची पद्धत नव्हती.

जिची दृष्ट काढली ती मुलगी आज समुपदेशक आहे. एरंडवण्यात तिची खोली आहे. दोन खुर्च्या, एक कुंडी आणि कागदी रुमालांचा डबा. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा विचारलं, औषधं कुठे ठेवतेस. ती म्हणाली, बाबा, इथे नुसतं बोलतात. मी म्हटलं, बोलायला इतक्या लांब कशाला यायचं, घरी बोलता येतं की. ती म्हणाली, "कुणाच्या घरी?" मी कुंडीची चौकशी केली.

आमच्या तरुणपणी पुण्यात मनाच्या दुखण्याला एकच शब्द होता, येरवडा. तो टोमणा म्हणूनच वापरत. त्यामुळे लोक आपण होऊन, वेळ ठरवून, रिक्षाने मुलीकडे येतात याचं मला अजून नवल वाटतं. मुलीचं म्हणणं उलटं. माणसं पूर्वीही जात होती, फक्त खोलीत जात नव्हती, असं ती म्हणते. त्याच विषयावर टिळक रस्त्यावरच्या एका सभागृहात तिचं शनिवारी भाषण होतं. आजचे मानसोपचार काही नुसते परदेशातून पेटीत बंद होऊन आले नाहीत, आपल्याकडे देवरुषी होता, नवस होता, जात्यावर बसून सासूचा उद्धार करायची सोय होती, या सगळ्याची मुळं एकाच गरजेत आहेत, असं तिला मांडायचं होतं. त्यासाठी तिला कुणीतरी हे डोळ्यांनी पाहिलेला माणूस हवा होता. आईने सांगितलं, "वडिलांना विचार. त्यांना दुपारी काही काम नसतं."

मी तिला आधी माझ्या मामाची गोष्ट सांगितली. मामाचं गाव लोणी काळभोर. तेव्हा ते खरंच गाव होतं. मामाचं थोरल्या भावाशी बांधावरून वाजलं आणि त्याने अन्न टाकलं. महिनाभराने त्याला देवरुष्याकडे नेलं. देवरुषी चिंचेखाली बसायचा. त्याने भस्म लावलं, बराच वेळ मामाकडे पाहिलं आणि विचारलं, "काय हाय तुझ्या मनात?" मागून एक म्हातारी म्हणाली, "त्येच्या मनात थोरल्याचा बांध हाय." अर्धं गाव जमलेलं होतं, ते हसलं. मामा एकदम रडायला लागला. देवरुष्याने त्याला पोटभर रडू दिलं, मग थोरल्याला पुढे बोलावून दोघांना एका ताटात भात खायला लावला. बांध तिथेच राहिला, पण मामा जेवायला लागला.

मुलगी खूश झाली. ही तर ग्रुप थेरपी, म्हणाली. तिची एकच हरकत होती, गोपनीयतेचं काय. मी म्हटलं, गोपनीयता होती ना, मामाला सोडून सगळ्यांना माहीत होतं.

मग तिने विचारलं, माझी दृष्ट काढली होती ना एकदा, ते सांगा. फोन माझ्यापुढे ठेवला. फोनवरचा रेकॉर्डिंगचा लाल ठिपका पाहिला आणि मला वाटलं, आता सांगून टाकावं. पण मी सांगितली ती घरात चालत आलेलीच गोष्ट. तू तीन दिवस रडत होतीस, आजीने दृष्ट काढली, ठसका लागला नाही, नजर शेजारच्या वहिनींची निघाली, त्यानंतर तिसऱ्या दिवशी तू हसायला लागलीस. हातवारे करून सांगितली. तिने टिपून घेतली आणि म्हणाली, याच गोष्टीने मी सुरुवात करणार. त्या काकूंना मूलबाळ नव्हतं ना? बघा, समाज आपली भीती कुणावर नेऊन ठेवतो. त्यांना लोक फार बोलले असतील.

"छे," मी म्हटलं. "कुणी अवाक्षर बोललं नाही."

हे मात्र शंभर टक्के खरं होतं. आमच्याकडे कुणी बोलत नाही.

खडकीला आमचं क्वार्टर दोन खोल्यांचं. शेजारचंही तसंच, मध्ये एक विटेची भिंत. वहिनींचे यजमान कारखान्यातच दुसऱ्या विभागात होते. मुलगी झाली तेव्हा बायकोची तब्येत फार नाजूक होती, आणि तान्ह्या मुलाला पायांवर घेऊन अंघोळ घालणं हे काही कुणालाही जमणारं काम नाही. वहिनी रोज सकाळी आठ वाजता तेलाची वाटी घेऊन यायच्या, पदर खोचायच्या, पाय लांब करून बसायच्या आणि मुलीला पायांवर घ्यायच्या. सहा महिने एक दिवस खाडा नाही. त्या गाणंबिणं म्हणत नसत. मुलीला बातम्या सांगत. कुणाची बदली झाली, कुणाकडे पाहुणे आलेत. मुलगी लक्ष देऊन ऐकायची.

सहाव्या महिन्यात माझ्या सासूबाई राहायला आल्या. त्या आल्या आणि मुलगी रडायला लागली. हा क्रम तेव्हा कुणी लक्षात घेतला नाही. दोन दिवस झाले, तीन दिवस झाले. सासूबाईंनी चौकशी केली की मुलीला कोणी काही म्हणालं होतं का. बायकोला आठवलं, वहिनी म्हणाल्या होत्या, किती गोड हसते गं, दृष्ट लागेल. झालं. सासूबाईंनी मला पिशवी दिली आणि सांगितलं, "लवंगी मिरची आणा. बारीक असते ती. बेडगी नको, ती नुसती रंगाला."

मी खडकी बाजारात गेलो. दुकानात लवंगी संपली होती. दुकानदार म्हणाला, बेडगी आहे. ती पोत्याच्या तळाची, गेल्या वर्षीची आणि इतकी सादळलेली की हातात मनुकेसारखी दबत होती. मी म्हटलं, द्या, मिरची ती मिरची. दुसऱ्या दुकानापर्यंत चालत गेलो असतो तर शे-दीडशे पावलं पडली असती.

आता माझ्या नोकरीबद्दल सांगतो, कारण माझा गुन्हा त्याशिवाय पुरता कळणार नाही. कारखान्यात मालाचा प्रत्येक लॉट तयार झाला की त्यातले काही नमुने काढून उडवून बघायचे. उडाले तर ठीक, फुसके निघाले तर अख्खा लॉट अडकवायचा. पण नमुनाच ओला असेल, तर ती चाचणी धरायची नाही. रद्द, पुन्हा घ्यायची. नव्याने भरती झालेल्या प्रत्येकाला मी हे पहिल्या दिवशी बोट वर करून सांगत असे. चुकीच्या नमुन्यावरून चांगल्या लॉटला बट्टा लावणं यासारखं पाप नाही, असंही म्हणत असे. पाप हा शब्द नियमावलीत नव्हता, तो माझा.

त्या संध्याकाळी दिवेलागणीला सासूबाईंनी मूठ भरली. बायको मुलीला घेऊन पाटावर बसली. सासूबाई ओवाळत होत्या आणि तोंडाने यादी चालू होती: आल्यागेल्याची, घरच्यादारच्याची, भुताखेताची, पाप्याची, चांडाळाची. मग मूठ निखाऱ्यांवर टाकली. आम्ही सगळे नाक तयार ठेवून उभे राहिलो. क्वार्टर्समध्ये दृष्ट काढली की पलीकडची तीन घरं ठसक्याची वाट बघत असतात. मोहरी तडतडली. मग काही नाही. मसाला भाजताना येतो तसा थोडा खमंग वास आला आणि तोही खिडकीतून निघून गेला. भिंतीपलीकडे वहिनींच्या घरात एक भांडं पडलं.

सासूबाईंनी भिंतीकडे पाहिलं. एवढंच म्हणाल्या, "बाई गं."

माझं तोंड उघडलं होतं. मिरच्या बेडगी आहेत, जुन्या आहेत, ओल्या आहेत, चाचणी धरू नका, एवढंच म्हणायचं होतं. पण सासूबाई आल्या त्याच दिवशी मी साबुदाण्याऐवजी वरी आणली होती आणि त्यावर दोन दिवस चर्चा चालली होती. जावयाला चार मिरच्याही धड आणता येत नाहीत हे सासूबाईंच्या तोंडून ऐकणं मला नको होतं. मी म्हटलं, सकाळी सांगू. तोंड मिटलं.

तिसऱ्या दिवशी मुलीच्या खालच्या हिरडीत दात दिसला. रडं थांबलं. दाताचं श्रेय दृष्ट काढण्याला गेलं.

वहिनी दृष्ट काढल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीही आठ वाजता वाटी घेऊन आल्या होत्या. बायको दारातच म्हणाली, "आज अंघोळ झाली तिची." त्याच्या पुढच्या दिवशीही झाली होती. त्यानंतर वहिनी आल्या नाहीत. पंधरा दिवसांनी मुलीचं उष्टावण केलं, अख्ख्या ओळीला बोलावलं, एक दार सोडून. त्या उष्टावणासाठी वहिनी पिवळं झबलं शिवत होत्या. मी कामावर जाताना त्यांना मशीनवर पाहिलं होतं. पूर्वी मी त्यांच्या दारावरून जाताना सायकलची घंटी वाजवत असे. त्यानंतर मी क्वार्टर्सच्या मागून वळसा घालून जायला लागलो. चार मिनिटं जास्त लागायची. निवृत्त होईपर्यंत मी त्याच वळशाने गेलो. वहिनी आणि त्यांचे यजमान मधल्या काळात बिबवेवाडीला राहायला गेले, तरी सायकल तिकडेच वळायची.

तर शनिवारच्या भाषणात हे सगळं खोटं मुलगी माइकवरून सांगणार होती. आतापर्यंत ते एका क्वार्टरमध्ये राहत होतं, आता त्याला सभागृह मिळणार होतं. माझं जेवण कमी झालं. बायकोने ते पित्तावर घातलं. मुलीने दोन दिवस पाहिलं आणि म्हणाली, बाबा, तुमच्या मनात काहीतरी आहे. मी म्हटलं, मग तुझ्या खुर्चीत बसतो, विचार. ती म्हणाली, जवळच्या माणसांना घ्यायचं नाही असा आमचा नियम आहे, वडील चालत नाहीत. पूर्वीचा नियम बरोबर उलटा होता. दृष्ट घरच्याच माणसाने काढायची. मी तसं म्हणालो तर तिने तेही टिपून घेतलं आणि मला तिच्या एका सहकाऱ्याकडे पाठवलं.

हा सहकारी म्हणजे दाढीवाला तरुण, पायांत कापडी बूट. त्याने पाणी दिलं आणि म्हणाला, काका, इथे तुम्हाला कुणी जज करणार नाही. मी त्याला सांगितलं की मी खडकीचा निवृत्त तपासनीस आहे, मला निकाल लागल्याशिवाय बरं वाटत नाही. मग हळूहळू सगळं सांगितलं. त्याने ऐकलं. मधे एकदाही घड्याळ पाहिलं नाही, हे मी लक्ष ठेवून पाहिलं. मग त्याने एक रिकामी खुर्ची माझ्यासमोर ओढली.

"समजा, त्या वहिनी इथे बसल्यात," तो म्हणाला. "त्यांना सांगा."

मी म्हटलं, त्या खुर्चीत बसत नसत, पाटावर बसत. तो म्हणाला, मग पाट समजा. पोरगा चिकट होता. मी खुर्चीकडे पाहिलं आणि म्हणालो, "वहिनी, मिरच्या बेडगी होत्या." आवाज असा निघाला की मीच दचकलो.

त्याने विचारलं, "काय वाटतंय?"

"खुर्चीला काही वाटलेलं दिसत नाही," मी म्हटलं.

तो हसला नाही. म्हणाला, "काका, खुर्ची सरावासाठी असते."

लोणी काळभोरचा देवरुषी याहून वेगळं काही म्हणाला असता असं मला वाटत नाही. फक्त त्याने थोरल्याला तिथेच पुढे बोलावलं असतं.

घरी आलो तेव्हा बायको मटार सोलत होती. मी समोर बसलो आणि एका दमात सांगितलं. बाजार, पोत्याचा तळ, वरी, सगळं. तिने मान वर केली नाही. शेंग सोलली, दाणे टाकले.

"बेडगी होत्या, हे मला दुसऱ्या दिवशीच कळलं," ती म्हणाली.

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. कसं, असं विचारलं.

"उरलेल्या आमटीत घातल्या मी. आई म्हणाली, बाळंतपणात तुझ्या हाताची चव गेली."

मी विचारलं, मग तू बोलली का नाहीस? ती म्हणाली, काय बोलणार होते. आईला सांगायचं की तुझा जावई असा, आणि तू त्या बाईवर उगीच घेतलंस? दोघांची लाज एकदम कशी काढायची? म्हटलं, आई गेली की जाऊन सांगू. आई दोन महिने राहिली. मग वहिनी माझ्याकडे बघेनाशा झाल्या. मग कोणत्या तोंडाने जायचं.

"आणि तुम्ही?" ती म्हणाली. "तुम्हाला काय झालं होतं?"

मी एक शेंग उचलून सोलायला घेतली. चाळीसहून जास्त वर्षांच्या संसारात आम्ही एकमेकांपासून एकच गोष्ट लपवली होती, आणि ती दोघांची एकच निघाली. त्या सोललेल्या दाण्यांची उसळ झाली आणि दोघांनी ती खाल्ली. हात धुताना ती म्हणाली, उद्या जाऊ.

मुलीला फोनवर सांगितलं तेव्हा ती आधी म्हणाली, म्हणजे माझं भाषण गेलं. मग हसत सुटली. मग हसणं थांबलं आणि म्हणाली, "सहा महिने त्यांनी मला पायांवर घेतलं होतं, आणि हे मला कुणी सांगितलंच नाही. मी येणार."

बिबवेवाडीची इमारत जुनी, तिसरा मजला, लिफ्ट नाही. वहिनींचे यजमान वारले तेव्हा मी स्मशानातून परस्पर घरी गेलो होतो, त्यामुळे हा जिना मी पहिल्यांदाच चढत होतो. दर मजल्यावर मी थांबलो. बायको म्हणाली, दम लागला म्हणून थांबता आहात की दुसऱ्या कशाने. मी म्हटलं, दोन्ही.

वहिनींनीच दार उघडलं. ऐंशीच्या पुढच्या, अंगाने अर्ध्या झालेल्या, जाड भिंगांचा चष्मा. मला ओळखलं, बायकोला ओळखलं. आमच्या मागे मुलगी उभी होती, तिच्याकडे त्यांनी पाहिलं नाही. नजर एकदम खाली, मुलीच्या सँडलपाशी. मला वाटलं, राग असेल.

मी दारातल्या पायपुसण्यावर उभ्या उभ्याच सांगायला सुरुवात केली. खुर्चीपुढे सराव झालेला होता, तरी ततपप झालं. त्यांनी मला बाजाराच्या रस्त्यातच अडवलं.

"आत या," म्हणाल्या. "उभ्याने सांगून उभ्याने जायचा बेत दिसतोय, भाऊजी."

आत बसून मी पुरं केलं. मग बायकोने आमटीचं सांगितलं. वहिनी ऐकून घेत होत्या. शेवटी म्हणाल्या, "बेडगी."

"हो."

"मला तेव्हाच वास आला होता. म्हटलं, यांच्याकडे दृष्ट काढतायत की मसाला भाजतायत."

म्हणजे भिंतीच्या अलीकडे दोघं आणि पलीकडे एक, तिघांनाही माहीत होतं. फक्त सासूबाईंना माहीत नव्हतं, आणि निकाल त्यांनी दिला होता. बायको म्हणाली, वहिनी, मग तुम्ही तरी बोलायचं होतं.

"मी?" वहिनी म्हणाल्या. "जिच्यावर आळ, तिने मिरच्या तपासायला मागायच्या?"

मग त्यांनी जे सांगितलं ते अगदी साध्या आवाजात, दुसऱ्या कुणाबद्दल बोलावं तसं. त्यानंतर त्यांनी कुणाच्याच मुलाकडे नीट पाहिलं नाही. आधी त्या म्हणत, छे, माझ्या नजरेत काय आहे. पण एकदा रस्त्यात त्या एका बाळाकडे पाहून हसल्या आणि त्याच रात्री त्या बाळाला ताप आला असं कानावर आलं. मग त्यांनाच खात्री वाटेना. कुणी मूल दाखवायला आणलं तर त्या म्हणायच्या, काय काळंबेंद्रं आहे हो, म्हणजे नजर लागायला नको. आया रागवायच्या. पुढे कुणी आणेनासं झालं, ते एक बरं झालं.

"या इमारतीतली सगळी पोरं मी चपलांवरून ओळखते," त्या म्हणाल्या. "निळ्या पट्ट्याची वरच्या मजल्यावरची. तोंड कसं आहे विचाराल तर सांगता येणार नाही."

बायकोने पदर तोंडाला लावला. मी विचारू नये ते विचारलं, की ते झबलं, पिवळं. वहिनी म्हणाल्या, भांडीवालीच्या नातीला दिलं, तिला छान दिसलं. मग त्यांनी मुलीच्या पायांना उद्देशून विचारलं की ती काय करते. मुलीने सांगितलं, भाषणाचंही सांगितलं, आणि ही गोष्ट खऱ्या रूपात सांगायला त्यांची परवानगी मागितली.

वहिनी म्हणाल्या, "मिरचीचं नाव सांग. माझं नको."

मग गुडघ्यांवर हात टेकून उठल्या आणि आत गेल्या. आम्हाला वाटलं, चहा. गॅस पेटल्याचा आवाज आला. बाहेर आल्या त्या मुठी मिटून. मला म्हणाल्या, त्या स्टुलावर बसा, गॅलरीकडे तोंड करून, तिकडे पूर्व आहे. मी बसलो. या वयात आणि त्या परिस्थितीत मी कुठेही बसलो असतो. त्यांनी माझ्यावरून मूठ ओवाळली. यादी तीच होती, थोडी भर घातलेली: आल्यागेल्याची, घरच्यादारच्याची, सासूची, जावयाची, भिंतीपलीकडच्या बाईची. मग आत जाऊन तापलेल्या लोखंडी तव्यावर मूठ सोडली.

लवंगी होती. यंदाची, कडकडीत वाळलेली. नमुन्यात काही खोट नव्हती.

बायको खोकत खोकत सोफ्यावर बसली. मुलगी गॅलरीत पळाली. मला इतका ठसका लागला की स्टुलावरून उठता येईना. वरच्या मजल्यावरून कुणीतरी ओरडून विचारलं, काय जाळताय. वहिनी पदराने नाक धरून स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, माझं खोकणं संपायची वाट बघत.

"ठसका लागला," त्या म्हणाल्या. "म्हणजे तुम्हाला कुणाची दृष्ट नाही, भाऊजी. तुम्ही मुळातच असे आहात."

मुलगी गॅलरीतून आत आली. हसत होती की रडत होती ते त्या धुरात कळत नव्हतं, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ती वहिनींच्या समोर येऊन उभी राहिली आणि हलली नाही. वहिनींनी चष्मा काढला, पदराने दोन्ही भिंगं पुसली, पुन्हा लावला. माझ्या बायकोचा हात सवयीने वर आला, मुलीला मागे ओढायला, आणि तिथेच थांबला. मग तिने तो मांडीवर ठेवला. वहिनींनी मुलीची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं आणि पाहिलं. पुष्कळ वेळ पाहिलं.

"केस पिकले की गं तुझे," त्या म्हणाल्या.